अर्धवट घर, अर्धं हातकाम: कुठं थांबवायचं आणि थांबवताना काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला तळमजल्याचं घर बांधून कुटुंब राहायला आलंय, वरचा मजला तीन-चार वर्षांनी करायचा. गच्चीवर कॉलमच्या सळ्या उघड्या आहेत. पश्चिम आणि उत्तरेच्या भिंतींना बाहेरून गिलावा नाही. दुसऱ्या बाथरूमची नुसती पाइपलाइन झालीय, ओट्याखाली ट्रॉल्या नाहीत, आणि हॉलच्या पश्चिम भिंतीवरची पुट्टी फुगून गळायला लागलीय. शिवाय घरात रंकाळा तलावाचं एक अर्धं तैलचित्र, सासूबाईंनी घातलेली अर्धी वाकळ आणि शाडूची अर्धी मूर्ती आहे. मार्च चालू आहे, पैसे बेताचे. आधी हात कशाला घालायचा आणि बाकीच्यासोबत राहायचं कसं?

काम अर्धं राहिल्यानं घराचं फारसं बिघडत नाही, ते भलत्या टप्प्यावर सोडल्यानं बिघडतं. प्रत्येक कामात एक-दोन जागा अशा असतात, जिथं ते चार-पाच वर्षं निवांत थांबू शकतं. त्यांच्या मधे सोडलं तर दर पावसाळ्यात थोडं थोडं वाया जातं. म्हणून यंदा 'काय पूर्ण करू' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक काम त्याच्या जवळच्या थांब्यापर्यंत न्या. त्याला पूर्ण करण्याच्या मानानं फार थोडा पैसा लागतो, पण लागतो. साहित्य लागतं, एखाद-दुसऱ्या दिवसाची मजुरी लागते. हा खर्च हिशेबात कुणी धरत नाही, आणि बहुतेक घरांचं नुकसान तिथंच होतं.

तुमच्या पुट्टीचंच बघा. पुट्टी वाईट नव्हती. बाहेर उघडी वीट आणि आत पुट्टी, हा क्रम चुकला. आपल्याकडचा पाऊस मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. उघडी वीट आणि तिचे सांधे पाणी पितात, ते आतल्या गिलाव्यात उतरतं, येताना क्षार घेऊन येतं. पुट्टीच्या पातळ थराखाली ते क्षार साचतात आणि तिला ढकलून फोडतात. त्यावर आता कुठलाही डॅम्पप्रूफ रंग मारू नका. तो आतून सुटणारच. सैल झालेली पुट्टी पत्र्यानं खरवडून काढा, भिंत कोरड्या ब्रशनं झाडा आणि तशीच उघडी ठेवा. फारच खटकत असेल तर चुन्याची सफेदी द्या, चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. पुन्हा पुट्टीचा विचार बाहेरचा गिलावा होऊन एक अख्खा उन्हाळा गेल्यावर. तेव्हाही आधी दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून २४ तास ठेवा. आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे.

आता गच्ची. सगळ्यात आधी पैसा इथं घाला, कारण गच्चीचं पाणी खालच्या सगळ्या कामात शिरतं आणि सळ्या गेल्या तर वरचा मजलाच अडचणीत येतो.

सळई सगळ्यात जास्त कुजते ती शेंड्याला नाही, स्लॅबलगत. पाणी आणि धूळ तिथं साचून राहते. वरून बाटल्या किंवा मडकी उपडी घालतात त्यानं डोळ्याला, हाताला टोक लागत नाही, तेवढ्यासाठी त्या ठेवाव्यात. बुडाचा गंज त्यानं थांबत नाही. तारेच्या ब्रशनं बुडाशी घासून बघा. नुसती तांबूस भुकटी निघाली तर घाबरायचं कारण नाही. खपल्या निघत असतील, सळईला खड्डे पडले असतील किंवा बुडाशी ती बारीक वाटत असेल तर इंजिनिअरला दाखवा. सळईचं मीटरमागे वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे १२ मिमीची सुमारे ०.८९ किलो, १६ मिमीची १.५८ किलो. कापलेला तुकडा मिळाला तर तोलून किती झिजलीय ते आकड्यात कळतं.

तीन-चार वर्षं थांबायचं असेल तर पक्का इलाज असा. कॉलमच्या बुडाशी चार ते सहा इंचाचा स्टार्टर (वरच्या कॉलमचा छोटा पायथा) कॉलमच्याच दर्जाच्या काँक्रीटमध्ये ओतून घ्या, म्हणजे स्लॅब आणि सळईच्या सांध्यात पाणी उभं राहत नाही. गच्ची गळते ती बहुतेक वेळा याच सांध्यातून. वरच्या सळ्या घासून, पुसून, त्यांना सिमेंटचं घट्ट दूध ब्रशनं दोन हात लावा; एक किलो सिमेंटला साधारण अर्धा लिटर पाणी. मग सगळ्या सळ्या मावतील असं फळ्यांचं खोकं लावून १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) कच्चं काँक्रीट भरा आणि माथ्याला चारी बाजूंनी उतार द्या. पुढं हे काँक्रीट छिन्नीनं फुटतं आणि आतली सळई चांगली निघते. एवढं जमत नसेल तर दर वर्षी मे महिन्याआधी घासून सिमेंटचं दूध लावत राहा. ऑइलपेंट, ग्रीस, जळकं ऑइल मात्र लावू देऊ नका. पुढं त्या सळईला काँक्रीट धरत नाही. सळ्या आडव्या वाकवून ठेवायचा सल्लाही ऐकू नका. परत सरळ करताना वाकलेल्या जागी त्या तडकतात. आणि गंजलेला शेंडा 'थोडाच' कापायचा म्हटलं तरी आधी विचारा. पुढच्या सळईशी जोड देताना साधारण व्यासाच्या ५० पट लांबी लागते, म्हणजे १६ मिमीला ८० सेंटिमीटर. कापून ती कमी पडली तर मोठंच काम निघतं.

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करा असं कुणीतरी सांगेलच. वर मजला यायचा असेल तर करू नका. चार इंचाचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो आणि पुढं फोडताना घणाचे धक्के स्लॅबला बसतात. तुमच्यासाठी सिमेंट आणि पॉलिमरचं दोन भागांत येणारं कोटिंग बरं. स्लॅब धुऊन, पोपडे काढून, भेगा भरून घ्या. कठडा आणि स्लॅबच्या कोपऱ्यात १:३ मालाचा (सिमेंट, वाळू) गोल वाटा मारा, म्हणजे काटकोन भरून गोलाई द्या. वाट्यावर आणि स्टार्टरभोवती जाळी बसवून पहिला हात द्या, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेनं. डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण वाळू द्या. मग पाइपांची तोंडं बंद करून ४८ तास दीड-दोन इंच पाणी उभं करा आणि खाली प्रत्येक खोलीचं छत बघा. ही चाचणी टाळली तर गळती जुलैत कळते, तेव्हा काहीच करता येत नाही. कठडा नसेल किंवा एक मीटरपेक्षा कमी असेल तर लहान मुलांच्या घरात गच्चीच्या दाराला कुलूप हवं.

वेळेबद्दल एक गोष्ट. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, त्यानंतर गावोगावच्या म्हाया (गावजत्रा), त्यामुळं एप्रिलमध्ये गवंडी आणि बिगारी सलग मिळत नाहीत. त्यातच वळीव सुरू होतो आणि जून जवळ आला की शेतीची गडबड. 'मे अखेरपर्यंत करू' म्हणून ठेवलेली गच्ची दर वर्षी पावसात सापडते. गच्चीचं काम अक्षय तृतीयेच्या आत संपेल अशा बेतानं आत्ताच गवंड्याला सांगा.

दुसरा नंबर पश्चिमेच्या भिंतीचा. उत्तरेची थांबू शकते. पूर्ण गिलावा २० मिमीचा, दोन थरांत. १०० चौरस फुटाला १:४ मालात दोन्ही थर मिळून दीड पोतं सिमेंट धरा, पहिल्या थराला एक. पैसे नसतील तर पहिला १२ मिमीचा थर मारून थांबा. हा उत्तम थांबा आहे. त्याआधी विटांचे सांधे अर्धा इंच खोल खरवडलेले हवेत, भिंत आदल्या दिवशी भिजवलेली हवी, आणि वीट व काँक्रीट जिथं भेटतात तिथं चिकन मेशची पट्टी खिळ्यांनी ताणून बसवलेली हवी. नाहीतर तिथं सरळ रेषेत भेग येते. मालात पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड. थर ओला असतानाच आडव्या नागमोडी रेघा ओढून ठेवा, दुसरा थर त्यांना धरतो. मग निदान सात दिवस पाणी. एप्रिलच्या उन्हात दिवसातून तीनदा मारलं तरी भिंत वाळते, म्हणून पोती टांगून ती ओली ठेवा. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच राहिलीय का तेही बघा. ती नसेल तर पाणी छज्ज्याखालून सरकत भिंतीला येतं.

बाथरूमची नुसती पाइपलाइन झालीय हा खरं तर चांगला थांबा आहे, फक्त तो बंद करायचा राहिलाय. प्रत्येक नळाच्या तोंडाला टेफ्लॉन टेप लावून डमी प्लग घट्ट बसवा. संडासाच्या आणि नहाणीच्या पाइपांना कॅप लावा. नहाणी ट्रॅप बसवलेला असेल तर त्यातलं दोन इंच पाणी वापर नसल्यानं उडून जातं आणि घरभर ड्रेनेजचा वास आणि झुरळं येतात. आठवड्याला अर्धी बादली पाणी ओता, वर चमचाभर गोडंतेल टाकलं तर पाणी उडायला वेळ लागतो. फरशी बसवायच्या आधी प्लंबरकडून दाबाची टेस्ट करून घ्या. २४ तासांत काटा खाली आला तर गळती शोधायची, 'थोडा उतरतोच' हे ऐकून घ्यायचं नाही. आणि आज, अजून सगळं दिसतंय तोवर, प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा: जमिनीपासून किती इंचावर आणि कोपऱ्यापासून किती इंचावर पाइप आहे ते फोटोत वाचता आलं पाहिजे. तीन वर्षांनी टॉवेलची दांडी बसवताना ड्रिल थेट पाइपात जातं, ते या फोटोनं टळतं.

विजेत तडजोड नको. उघडी वायर लोंबकळत ठेवून राहणं हा थांबा होऊच शकत नाही. जिथं पॉइंट बसवायचा नाही तिथली सर्किट एमसीबीवर वेगळी करून बंद ठेवा, टोकांना कनेक्टर लावा, बॉक्सवर ब्लँक प्लेट बसवा. रिकाम्या नळ्यांत ओढायला एक तार घालून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर करते आणि पुढं वायर जात नाही. डीबीत (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत) ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर ती ट्रॉल्यांच्या आधी घ्या.

ट्रॉल्यांशिवाय वर्षानुवर्षं छान राहता येतं. ओट्याखाली कडाप्प्याचे उभे पाट आणि एक आडवी पाटी बसवून घ्या. पाटांमधलं अंतर ट्रॉल्या बनवणाऱ्याला विचारून ठरवा, म्हणजे पुढं तोडफोड न करता ट्रॉल्या त्यातच बसतील. ओट्याखालची फरशी मात्र आत्ताच भिंतीपर्यंत घालून घ्या. समोर पडदा लावा. प्लायवूड सवलतीत मिळतंय म्हणून आत्ताच आणून ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात उघड्या कडांचं प्लाय भिंतीला टेकवून ठेवलं की वाकतं, आणि एमडीएफ तर फुगून फुकट जातं.

उरलेल्या साहित्याचं: सिमेंटला तीन महिने झाले की ताकद कमी झालीय असंच धरा. ते ठेवायचंच असेल तर जमिनीपासून अर्धा फूट वर फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहापेक्षा जास्त पोती एकावर एक न रचता, प्लॅस्टिकनं झाकून. हातात गुठळी घेऊन दाबा. बोटांनी भुगा झाला तर किरकोळ कामाला चालेल, नाही झाला तर टाकून द्या. कॉलमला, स्लॅबला जुनं सिमेंट अजिबात नको. फरशीची एक पेटी न फोडता उभी ठेवा आणि तिच्यावरचा बॅच नंबर लिहून घ्या, त्याच डिझाइनचा माल पुढच्या बॅचमध्ये वेगळ्या छटेचा येतो. रंगाच्या डब्यावर शेड नंबर आणि कुठल्या खोलीचा ते मार्करनं लिहा. नदीकडच्या सखल भागात राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर लक्षात घेऊन हे सगळं वरच्या मजल्यावरच ठेवावं; तुमच्याकडं तो प्रश्न नाही.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे किरकोळ कामांची गाठोडी बांधणं. दाराच्या चौकटीला सिमेंट भरायचंय, एक स्कर्टिंग राहिलंय, पायरीची कड तुटलीय. ही कामं वर्षानुवर्षं राहतात, कारण दोन तासांसाठी चांगला गवंडी येत नाही, त्याचा दिवस मोडतो. गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी अशा पाच याद्या फ्रिजवर लावा आणि दिसेल तसं लिहीत जा. एखाद्या यादीत पूर्ण दिवसाचं काम जमलं की त्या माणसाला पूर्ण हजरीवर बोलवा. साहित्य आदल्या दिवशी घरात हवं. क्रम नेहमी प्लंबर आणि वायरमन आधी, मग गवंडी, मग सुतार, शेवटी रंगारी. रोज डोळ्याला टोचणारं निम्मं अर्धवटपण अशा दोन-तीन दिवसांत जातं.

आता हातकामं. इथंही थांबा बघायचा, फक्त शत्रू वेगळे.

तैलचित्र. रंकाळ्याच्या काठावर बसून सकाळी सुरू केलेलं चित्र दुपारच्या उजेडात पुढं ओढू नये. सावल्यांची दिशा आणि रंगांचा थंड-उबदारपणा दोन्ही बदलतात आणि चित्र गढूळ होतं. मोठे आकार आणि छाया-प्रकाश बसले की थांबायचं. जागेवरचा एक फोटो, वेळ आणि मुख्य मिश्रणं कागदावर लिहून तो कागद मागच्या लाकडी चौकटीला लावायचा. कॅनव्हासच्या पाठीवर शाईनं लिहू नका, ती पुढं झिरपू शकते. पॅलेटवरचा रंग पुन्हा तसाच मिळवणं अवघड असतं, म्हणून आकाश आणि पाणी या दोन मिश्रणांचे फटकारे त्याच कागदावर ओढून ठेवा.

चित्र अंधाऱ्या कपाटात गुंडाळून ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडात ते बरंचसं निवळतं, पण मुळात उजेड असलेल्या खोलीत, थेट उन्हात न येता, भिंतीपासून दोन इंच सुटं टांगलेलं बरं. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकलेल्या कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी येते, म्हणून हॉलची पश्चिम भिंत यंदा चित्रासाठी वर्ज्य.

पुन्हा सुरू करताना जुना थर पूर्ण वाळलाय याची खात्री करा. मातीचे रंग, अंबर (गडद तपकिरी) वगैरे लवकर वाळतात. ॲलिझरिन, कॅडमियम यांना बराच वेळ लागतो. धूळ ओलसर कापडानं टिपा. मग जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग घेऊन जेवढ्या भागावर आज काम करायचंय तेवढ्याच भागाला चोळा आणि जवळजवळ सगळं पुसून घ्या. निस्तेज झालेले रंग मूळ गडदपणानं दिसतात आणि नवा रंग जुन्याशी जुळवता येतो. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, नाहीतर काही वर्षांनी भेगा पडतात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा सुटी पसरून वाळवा.

वाकळ. आधी सुई काढा. कापडात टोचून ठेवलेली सुई एका पावसाळ्यात गंजते आणि डाग धाग्यात मुरतो. डाग पडलाच असेल आणि कापड सुती असेल तर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा, मग धुवा. रंगीत पातळाच्या (साडीच्या) कोपऱ्यावर आधी करून बघा. वाकळीचं खरं दुखणं म्हणजे थर सरकणं. कडेनं टाके घालत आत यायचं असतं, त्यामुळं अर्धी वाकळ म्हणजे कडा पक्क्या आणि मधलं पोट मोकळं. तशीच घडी घातली की आतली जुनी पातळं गोळा होतात आणि पुढं मधे फुगा येतो. जमिनीवर पसरून, मधून बाहेर हात फिरवून सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. पुरी झाल्यावर ते उसवायचे. मग घडी न घालता गुंडाळा आणि जुन्या सुती कापडात ठेवा. राहिलेला दोरा, पुढं लावायचे तुकडे त्याच गाठोड्यात. ते तुकडे एकदा धुऊन घ्या, कोरं कापड नंतर आटलं तर टाके ओढले जातात. सासूबाईंचा टाका किती लांब पडतो हे त्यांच्याकडून बसून बघून घ्या. उरलेलं काम दुसऱ्या हातानं करायची वेळ आली तर ओळ बदललेली लगेच दिसते.

शाडूची मूर्ती ओली असेल तरच थांबवलेली म्हणायची. ओलं सुती फडकं, वर प्लॅस्टिक, दोन दिवसांनी पाणी शिंपडणं. बोटं, कान यांसारख्या बारीक भागांना वेगळं ओलं फडकं. ती पूर्ण वाळली असेल तर वाळलेल्या अंगावर ओली माती चढवायच्या भानगडीत पडू नका. माती वाळताना आकसते, जुना भाग आता आकसणार नाही आणि सांध्याला भेग पडणारच. मन घट्ट करून मूर्ती फोडा, पण अर्धवट ओली असताना नाही, खडखडीत वाळू द्या. वाळका शाडू पाण्यात टाकला की आपोआप विरघळून लोणी होतो, ओलसर गोळा मात्र दिवसेंदिवस तसाच राहतो. खाली बसलेली माती गोणपाटावर पसरून मळण्याजोगी झाली की बांधून ठेवा. यात माती जराही वाया जात नाही. हात बसला नसेल तर गंगावेशीत किंवा शाहूपुरीत कुंभार गल्लीत जाऊन माती किती घट्ट मळतात ते हाताला लावून बघा, सांगून ते कळत नाही.

प्रत्येक थांबवलेल्या कामाशी एक चिठ्ठी ठेवा. तीवर तीन गोष्टी: कुठवर झालंय, पुढची एकच पायरी, आणि त्या पायरीला काय लागेल. पायरी एका बैठकीत होणारी हवी. 'चित्र पूर्ण करणे' असं लिहिलं तर हात लागणार नाही. 'डावीकडच्या झाडाची सावली, अंबर आणि निळा' असं लिहिलं तर रविवारी लागेल. घराचं एक आणि हातकामातलं एक, एवढीच कामं एका वेळी उघडी ठेवा. बाकीची झाकलेली, चिठ्ठीसकट.

काही कामं कायमची बंद करून टाका. जिथं गीझर नकोच आहे ती लाइन मेन व्हॉल्व्हपाशी कापून बंद करा आणि वर गिलावा करा. दोन वर्षांत ज्याची चिठ्ठी बदलली नाही ते हातकाम साहित्यासकट शिकणाऱ्या कुणाला तरी द्या. उरलेली वाळू, विटा, अर्धी पेटी फरशी आसपास बांधकाम चालू असेल तिथं पावसाआधी देऊन टाका, जूननंतर त्या ढिगात मुंग्या आणि गवत होतं आणि उचलायलाच मजुरी लागते.